एका आकड्यावरून ठरवू नका

पालकहो, वर्षभरात आपल्या मुलाबद्दल किती आकडे घरात येतात ते एकदा आठवून बघा. घटक चाचणीचे गुण, सहामाहीचे टक्के, शाळेच्या आरोग्य तपासणीत लिहून दिलेलं वजन आणि उंची, स्कॉलरशिपचा निकाल, थोडं मोठं झालं की सीईटीचे पर्सेंटाइल. यातल्या प्रत्येक आकड्यावर घरात काहीतरी घडतं. कुणाचं कौतुक होतं, कुणाचा मोबाइल काढून घेतला जातो, कुणाचा क्लास बदलतो. चाचण्या आणि पाहण्या कशा तयार होतात, त्यांचे निकाल कसे वाचायचे, हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे. ही मोजमापं तयार करणारी माणसं त्यांच्याबद्दल फार जपून बोलतात. आपण घरात मात्र तो आकडा म्हणजे शेवटचा शब्द असं धरून बसतो. त्याचा त्रास मुलांना होतो आणि आपल्यालाही होतो, म्हणून आज थोडं मोकळेपणाने बोलायचं आहे.

आधी गुणांबद्दल. चार्ल्स स्पिअरमन या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने 1904 साली मांडलेला एक विचार आजही परीक्षांच्या शास्त्राचा पाया आहे. मिळालेल्या गुणांत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : मुलाला खरोखर किती येतं ते, आणि त्या दिवशी झालेलं थोडं कमी-जास्त. सातवीतल्या एखाद्या मुलीची विज्ञानाची वीस गुणांची चाचणी घ्या. आदल्या रात्री घरी पाहुणे होते, झोप उशिरा लागली. जो धडा तिने वरवर वाचला होता त्यावरच नेमके पाच गुणांचे प्रश्न आले. एक उत्तर बरोबर होतं, पण आकृतीला नावं द्यायची राहिली म्हणून अर्धा गुण गेला. तिला 13 मिळाले. त्याच बाईंनी त्याच धड्यांवर दुसरी प्रश्नपत्रिका काढून दुसऱ्या दिवशी दिली असती तर कदाचित 16 मिळाले असते. तिला येणारं विज्ञान एका रात्रीत तीन गुणांनी वाढलेलं नसतं.

अमेरिकेतल्या सॅट परीक्षेच्या निकालावर गुणांशेजारी एक पट्टाही दिलेला असतो. पुन्हा परीक्षा दिली तर गुण साधारण या दोन आकड्यांच्या दरम्यान पडतील, असं तो सांगतो. आपल्या प्रगतिपुस्तकात असा पट्टा नसतो, तेव्हा तो आपण मनात धरायचा. वीसपैकी 14 आणि 15 यांत, किंवा 88.4 आणि 88.8 टक्क्यांत, दोन मुलांची तुलना करण्याजोगं काही नसतं. शेजारच्या मुलाला अर्धा टक्का जास्त पडला म्हणून आपल्या मुलाला एक वाक्यही ऐकवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता जे सांगणार आहे ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण त्यावरून घराघरात वर्षानुवर्षं चुकीचा धडा शिकला जातो.

मुलाला एखाद्या चाचणीत नेहमीपेक्षा बरेच कमी गुण पडले. आपण रागावलो. पुढच्या चाचणीत गुण वाढले. दुसऱ्या वेळी नेहमीपेक्षा बरेच जास्त गुण पडले, आपण पाठ थोपटली, बाहेर जेवायला घेऊन गेलो. पुढच्या चाचणीत गुण घसरले. असं दोन-चार वेळा झालं की आई-बाबा एकमेकांना म्हणतात, ‘बघ, कौतुक केलं की हा डोक्यावर बसतो. दोन शब्द सुनावले की सरळ होतो.’ त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे त्यांना खात्री असते.

पण त्या दिवसाचं जे कमी-जास्त आपण वर पाहिलं, त्याचाच हा खेळ आहे. एखाद्या दिवशी गुण फारच कमी पडतात तेव्हा बहुधा कच्चेपणाबरोबर त्या दिवसाची गैरसोयही जमून आलेली असते. पुढच्या वेळी ती गैरसोय तशीच्या तशी जमून येण्याचा संभव कमी, म्हणून गुण आपोआप नेहमीच्या पातळीकडे सरकतात. फार चांगल्या दिवसानंतर तेच उलट्या दिशेने होतं. फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1886 साली आई-वडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना हे दाखवून दिलं : फार उंच आई-बापांची मुलं उंच असतात, पण सरासरी पाहता आई-बापांइतकी उंच नसतात. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात. कुणी रागावो न रागावो, ते होतच असतं.

पुढे 2002 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणारे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन तरुणपणी इस्रायली हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवत होते. शिक्षेपेक्षा शाबासकीने माणूस जास्त शिकतो, असं त्यांनी सांगितल्यावर एक अनुभवी प्रशिक्षक उठून म्हणाला, माझा अनुभव अगदी उलटा आहे. चांगल्या कसरतीनंतर कौतुक केलं की पुढची बिघडते, वाईट कसरतीनंतर ओरडलं की पुढची सुधारते. कानमन यांनी जमिनीवर खडूने एक खूण काढली आणि प्रत्येकाला तिच्याकडे पाठ करून, मागे न बघता, दोन नाणी एकापाठोपाठ फेकायला लावली. ज्यांचं पहिलं नाणं खुणेच्या अगदी जवळ पडलं होतं त्यांच्यापैकी बहुतेकांचं दुसरं लांब गेलं. ज्यांचं पहिलं फार लांब गेलं होतं त्यांचं दुसरं बहुतेक वेळा जवळ आलं. कुणी कुणाला रागावलं नव्हतं, कुणी शाबासकी दिली नव्हती.

हा प्रयोग घरातल्या हॉलमध्ये करता येतो. सुट्टीत चार-पाच भावंडं जमली की जरूर करा आणि अंतरं कागदावर लिहून ठेवा. मुलांना मजा येईल. त्या कागदाकडे बघताना आपल्याला मात्र मागच्या काही वर्षांतली आपली रागावणी आठवतील.

रागावण्याचा कधीच काही परिणाम होत नाही, असं मी म्हणत नाही. तो झाला की नाही हे एका पडत्या चाचणीनंतरच्या वाढीवरून कळू शकत नाही, एवढंच म्हणते. क्लास बदलण्याचंही तेच. सगळ्यात वाईट निकालानंतर आपण नवा क्लास लावतो, पुढचा निकाल सुधारतो आणि श्रेय क्लासला जातं. वर्षभरातल्या सगळ्या चाचण्या एका कागदावर क्रमाने मांडा. तीन-चार चाचण्या एकाच दिशेने जात असतील तर त्या दिशेची दखल घ्या. एकटी पडलेली खाली-वरची चाचणी सोडून द्या.

पर्सेंटाइलबद्दल थोडक्यात सांगते, कारण दरवर्षी निकालाच्या आठवड्यात त्यावरून घरात रडारड होते. सीईटीत 90 पर्सेंटाइल म्हणजे 90 टक्के गुण नव्हेत. त्या सत्रात बसलेल्यांपैकी 90 टक्के मुलांचे गुण आपल्या मुलाइतके किंवा त्याहून कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षा अनेक सत्रांत होते, प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते, म्हणून नुसत्या गुणांची तुलना करता येत नाही. यासाठी ही पद्धत वापरतात. ती रांगेतली जागा सांगते. विषय किती समजलाय हे त्यावरून काढू नका.

रांगेतल्या जागेचा हाच गोंधळ बाळाच्या वजनाबाबतही होतो. डॉक्टरांकडचा वाढीचा तक्ता तुम्ही पाहिला असेल, एकाखाली एक वळत जाणाऱ्या रेषांचा. जागतिक आरोग्य संघटनेने 1997 ते 2003 या काळात सहा देशांतल्या साधारण साडेआठ हजार मुलांची मोजमापं घेऊन तो बनवला आणि 2006 साली प्रसिद्ध केला. त्यात ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिकेबरोबर आपल्या दक्षिण दिल्लीतली मुलंही होती. अंगावरचं दूध मिळालेली, घरात चांगली परिस्थिती असलेली निरोगी मुलं त्यासाठी निवडली होती. मग पंधराव्या रेषेवरचं बाळ म्हणजे शंभरात पंधरा गुण मिळवलेलं बाळ नव्हे. शंभर निरोगी बाळांत पंधरा तरी त्याच्याइतकी किंवा त्याहून हलकी असतातच. बाळ आपल्या रेषेच्या बरोबरीने वर जात असेल तर शेजारच्या गुटगुटीत बाळाकडे बघून वरणात तुपाचे जास्तीचे चमचे ओतायची गरज नाही.

काळजी कधी करायची तेही सांगते. रेष आडवी झाली, बाळ एक-दोन रेषा ओलांडून खाली आलं, तर थांबू नका. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषण आहे, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. अंगणवाडीताई दर महिन्याला वजन करायला बोलावतात तेव्हा ‘मागच्या महिन्यात केलं की’ म्हणून टाळू नका. एक वजन म्हणजे तक्त्यावरचा एक ठिपका. रेष काढायला अनेक ठिपके लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी मुंबईच्या देवनार इथल्या लोकसंख्या संस्थेमार्फत होते. तिच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. खुजेपण एका महिन्यात येत नाही. महिन्यामागून महिने आडवी राहिलेली रेष कुणी वाचली नाही, की ते येतं.

बीएमआयबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. वजन भागिले उंचीचा वर्ग, हे सूत्र बेल्जियमचे अॅडॉल्फ केतले यांनी एकोणिसाव्या शतकात काढलं. केतले खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होते. मोठ्या समूहात उंचीबरोबर वजन कसं बदलतं हे त्यांना पाहायचं होतं. एका माणसाची तब्येत ठरवायला त्यांनी ते बनवलं नव्हतं. बॉडी मास इंडेक्स हे नाव तर अॅन्सेल कीज यांनी 1972 साली दिलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 साली लॅन्सेटमध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. आकडा एकच, आणि चरबी दुपटीहून जास्त.

याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास होतं, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरंच कमी. पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. स्नायू कमी, चरबी जास्त, अशी आपली बाळं दिसायला बारीक असतात. म्हणून ‘आमचा काय, हाडकुळाच आहे, त्याला काय होतंय’ असं म्हणून चिप्स आणि गोड पेयांकडे काणाडोळा करणं आपल्याला परवडत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 साली पाच ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी वेगळे तक्ते काढले, त्यांत जास्त वजनाची रेषा आंतरराष्ट्रीय रेषेपेक्षा खाली घेतली, ती याच कारणाने. तपासणीच्या वेळी डॉक्टरांना हा भारतीय तक्ता वापरायला सांगा. आणि मोबाइलमधल्या अॅपने मोठ्या माणसांच्या हिशेबाने काढलेला बीएमआय मुलाला लावू नका. वाढत्या वयात तो दरवर्षी बदलत असतो.

‘आज काहीच खाल्लं नाही’ ही तक्रार मी पालकांकडून सगळ्यात जास्त ऐकते. ती ऐकली की मला पांडुरंग वासुदेव सुखात्मे आठवतात. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा हा माणूस जागतिक कीर्तीचा संख्याशास्त्रज्ञ झाला. रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत त्यांनी संख्याशास्त्र विभाग सांभाळला, नंतर पुण्यात संशोधन केलं. निरोगी माणसाचा आहारही रोज सारखा नसतो, आठवड्या-आठवड्याला तो कमी-जास्त होतो आणि शरीर ते सावरून घेतं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यावरून देशातली भूक किती मोजायची याचा मोठा वाद झाला आणि त्यांच्यावर टीकाही झाली. टीकाकारांची भीती रास्त होती : सततच्या अर्धपोटीपणालाही ‘शरीर सावरतं’ म्हणता येणार नाही. पण पोटभर अन्न असलेल्या घरातल्या पाच वर्षांच्या मुलाने सोमवारी अर्धी पोळी टाकली, यावरून मंगळवारी त्याच्यामागे ताट घेऊन धावायचं कारण नाही. आठवड्याचं खाणं बघा, महिन्याचं वजन बघा.

आता वागण्याच्या मोजमापाकडे येते. वजन काट्यावर करता येतं. मूल दिवसात किती वेळ स्क्रीनवर असतं, जेवणाआधी हात धुतं का, मित्रांबरोबर कधी गुटखा किंवा सिगारेट घेतली का, हे त्याला विचारूनच कळतं. संशोधकांचा सगळा कस इथे लागतो, कारण विचारणारा समोर उभा असेल तर मूल त्याला आवडेल ते उत्तर देतं. तरुणांच्या तंबाखू सेवनाची जागतिक पाहणी भारतात 2019 साली झाली. शाळेतली मुलं नाव न लिहिता स्वतःच उत्तरांवर खुणा करत होती. तेरा ते पंधरा वर्षांच्या 8.5 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपात तंबाखू वापरत असल्याचं सांगितलं. हेच आई-वडिलांच्या देखत विचारलं असतं तर किती मुलांनी हो म्हटलं असतं?

याहून पुढची एक युक्ती स्टॅन्ली वॉर्नर यांच्या 1965 सालच्या कल्पनेतून आली. तिचं सोपं रूप असं. समजा, दोनशे मुलं आहेत. प्रत्येकाने कुणाला न दाखवता नाणं उडवायचं. छापा आला तर काहीही असो, ‘हो’ लिहायचं. काटा आला तर खरं उत्तर लिहायचं. आता कुणाच्याही कागदावर ‘हो’ असलं तरी ते नाण्यामुळे की खरोखरचं, हे कुणीच सांगू शकत नाही, त्यामुळे मूल निर्धास्त असतं. पण संशोधकाला हिशेब लागतो. एकूण 112 ‘हो’ आले तर त्यातले साधारण शंभर नाण्याचे. उरलेले बारा काटा पडलेल्या शंभरांतले, म्हणजे सुमारे बारा टक्के.

आपल्याला घरी नाणं उडवायचं नाही. पण खरं उत्तर हवं असेल तर ते देणाऱ्याला धाक वाटता कामा नये, हे संशोधकांनी इतक्या मेहनतीने शिकलेलं शहाणपण घरातही लागू आहे. मागच्या वेळी ‘दोन तास गेम खेळलो’ असं खरं सांगितल्यावर आपण काय केलं होतं, त्यावर मूल आज काय सांगेल ते ठरतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी 1970 च्या दशकात बजावून ठेवलं होतं की एखाद्या आकड्यावर जितके जास्त निर्णय टांगाल तितका तो आकडा बिघडत जाईल. सामाजिक मोजमापांच्या बाबतीत त्यांनी हे म्हटलं होतं, पण चाचणीच्या पेपरवर बाबांची सही मुलाने स्वतःच करणं हे त्याचंच घरगुती रूप आहे. त्या दिवसापासून आपल्यापर्यंत येणारा एकही आकडा भरवशाचा राहत नाही, आणि मदतीची गरज नेमकी कधी आहे हेही कळेनासं होतं.

मोजायचंच नाही, असं यातून कुणी काढू नये. चांगलं मोजमाप मुलाच्या बाजूने उभं राहतं. मुंबईत सुरू झालेल्या प्रथम या संस्थेची असर पाहणी 2005 पासून चालू आहे. स्वयंसेवक गावात घरी जातात, मुलाशेजारी बसतात आणि एक कागद पुढे ठेवतात : अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल वाचतं. आई दारात उभी राहून ऐकते आणि तिला स्वतःच्या कानांनी कळतं की आपलं मूल शब्दांवर अडतंय. ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी 2018 साली 27.3 टक्के होती, शाळा बंद राहिल्यानंतर 2022 साली 20.5, आणि 2024 साली 27.1. ही घसरण मोजली नसती तर वाचन भरून काढायचे प्रयत्न कशाच्या आधारावर झाले असते?

बुद्धिमापनाचीही सुरुवात मदतीसाठीच झाली. अल्फ्रेड बिने यांनी पॅरिसमध्ये 1905 साली पहिली चाचणी काढली ती कुठल्या मुलांना शाळेत जादा मदत लागेल हे शोधायला. पुढे व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली, आणि बिने-कामत चाचणी आपल्याकडे अजून वापरात आहे. शाळेने मुलाची अशी तपासणी सुचवली तर कृपा करून अपमान मानू नका. अध्ययन अक्षमता आढळली तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात, त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, आणि ते हातात यायला वेळ जातो. नववी-दहावीपर्यंत वाट पाहू नका. त्या अहवालातला बुद्ध्यंक मात्र नातेवाइकांत सांगू नका आणि मुलासमोर उच्चारू नका. अहवालात पुढे जिथे मुलाला काय जमतं आणि कुठे अडतं ते लिहिलेलं असतं, ती पानं वाचा.

पुढच्या पालक सभेला जाल तेव्हा एकूण गुण विचारू नका. तपासलेला पेपर बघायला मागा. पाचवीतल्या मुलाने एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असं लिहिलं असेल, आणि पेपरात तीन ठिकाणी तसंच केलं असेल, तर तो निष्काळजी नाही. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवायचा, असा नियम त्याने मनाशी पक्का केलाय. त्याला कागदाची एक पट्टी दुमडून अर्धी दाखवा आणि विचारा, या अर्ध्यात आणखी तुकडा घातल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी कसं येईल? दोन पंचमांश अर्ध्याहून कमी आहेत हे त्याने स्वतः पट्टीवर मोजून पाहिलं की छेद सारखे का करायचे ते समजावायला फार वेळ लागत नाही. वीसपैकी अकरा या आकड्यात यातलं काहीच दिसत नव्हतं.